दिली आणि घेतली

“नाही जुळत,” अभि म्हणाला आणि चपला घालूनच खोलीत आला.

आईनं त्याच्या पायांकडं पाहिलं. एरवी जावई असला तरी तिनं त्याला सोडलं नसतं. पण ही हॉटेलची खोली होती, आणि आई त्या आठवड्यात कुणालाच काही बोलत नव्हती.

“काय जुळत नाही?” मी विचारलं.

“तुझं रक्त. म्हणजे नमुना. तिथं जेवढे...” माझ्या नवऱ्याला अर्धी वाक्यं सोडायची सवय नव्हती, ती तिथं लागली. “तिथल्या कुणाशीच जुळत नाही म्हणतात. शेणॉयबाई खाली थांबल्यात. तुला बोलवायल्यात.”

मी आईकडं पाहिलं. ती पलंगावर बसून साडीची घडी घालत होती. घातलेली घडी तिनं मोडली आणि परत घालायला घेतली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीत पंप आणि मोटारी दुरुस्त करायचे. दुकान लहान, पण आसपासच्या पाच-पन्नास गावांत त्यांचं नाव होतं. दक्षिणेतल्या एका शहरात पंपांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. कारखानदारांनी तिकीट पाठवलं, म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. विमान धावपट्टीच्या थोडं अलीकडं पडलं. त्या शहराचं नाव मी आजही घेत नाही. आम्ही तिघं तिथं पोचलो तेव्हा विमान कंपनीनं आम्हाला एका हॉटेलात उतरवलं आणि प्रत्येक कुटुंबामागं आपला एक माणूस दिला. आमच्या वाट्याला निवेदिता शेणॉय आल्या. कारवारच्या, मराठी बरी बोलायच्या, आणि प्रत्येक शब्द आधी तपासून मग तोंडाबाहेर काढायच्या.

खाली त्या उभ्याच होत्या.

“नमुना परत द्यावा लागेल, मॅडम. कधी कधी चूक होते.”

“आणि चूक नसली तर?”

“मी अंदाज नाही सांगू शकत.”

“चूक नसली तर अण्णा तिथं नाहीत. असंच ना?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बोर्डिंगची नोंद आहे त्यांची.”

“नोंद आहे. माणूस नाही.”

“मॅडम, प्लीज. आधी नमुना देऊया.”

मी पुन्हा इस्पितळात गेले. बाहेर मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. लग्नाला आल्यासारखी माणसं ओळीनं बसली होती. पहिल्या वेळचाच तरुण डॉक्टर होता. त्यानं पहिल्यांदा विचारलं तेच परत विचारलं, “सगी बेटी?” मीही पहिलंच उत्तर परत दिलं, “हां. इकलौती.” अण्णांच्या वापरातलं काही घरी आहे का, ब्रश, दाढीचं सामान, असंही त्यानं विचारलं. सगळं ते सोबत घेऊन गेले होते. प्रवासाला निघाले की घरातलं अर्धं सामान त्यांच्या पिशवीत असायचं.

परत येताना रिक्षात मी बोलायला लागले ती थांबेना.

“अभि, निपाणीची गोष्ट तुला सांगितली होती का? बेळगावला आत्याकडं निघालो होतो. निपाणीला अण्णा चहाला उतरले, आणि बस गेली. आम्ही आत, ते स्टँडवर. कंडक्टरला कळलंच नाही. मागनं एका उसाच्या ट्रकमधनं आले, आणि आत्याच्या दारात आमच्या आधी पोचले!”

“सांगितली होतीस.”

“ते असेच आहेत. कुणी घाईत दिसलं की म्हणतात, तुम्ही व्हा पुढं. विमानाच्या दारापर्यंत गेले असतील. नोंद झाली असेल. आणि मग...”

“आणि मग काय, अंजू? विमानातनं चहाला उतरले?”

तो चिडून बोलला नव्हता. खरंच विचारत होता. त्यालाही उत्तर हवं होतं. मला वाटतं, त्या रिक्षात आम्ही दोघंही काही मिनिटं अण्णांना त्या अनोळखी शहराच्या कुठल्यातरी टपरीवर उभे करून आलो. फोन का लागत नाही, तेवढंच दोघांना सुचत नव्हतं.

हॉटेलच्या आमच्या मजल्यावर लातूरचे एक निवृत्त अधिकारी होते, निलंगेकर म्हणून. त्यांचा मुलगा त्या विमानात होता. दिवसभर ते बोळात येरझारा घालत आणि भेटेल त्याला कायदा सांगत. दुःख असं कायद्यात बुडवून ठेवणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

“ताई, हे जे आत्ता मदत म्हणून देतात ते बिनघोर घ्या,” ते मला म्हणाले. “ते घेतल्यानं पुढचा दावा बुडत नाही. पण ‘आमची काही तक्रार उरली नाही’ असं लिहिलेलं काही पुढं केलं तर सही करायची नाही. घाई त्यांना असते. आपल्याला कसली घाई?”

“मला त्यातलं काही नको. मला फक्त...”

“नको म्हणू नका. हक्क आहे तो. आणि वारस कोण कोण, ते नीट लिहून घ्या बरं. तिथं नाव नसलं की तुम्ही त्या माणसाचे कोणी नाही. मग रडा नाहीतर डोकं आपटा.”

मागं खोलीचं दार उघडं होतं. आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं, आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. आम्ही जैन, आई दिवस मावळायच्या आत जेवते आणि कांदा-लसूण खात नाही, म्हणून अभिनं कुठून कुठून शोधून साधा भात आणि ताक आणलं होतं. भात तसाच राहिला.

दुसरा निकालही तोच आला. जुळत नाही.

शेणॉयबाईंचा चेहरा उतरला होता. आता ओळख न पटलेल्यांची वेगळी यादी होणार होती. मी त्यांना थांबवलं.

“मला अर्ज द्यायचाय. मृतांच्या यादीतनं अण्णांचं नाव काढा आणि ते बेपत्ता आहेत म्हणून शोध सुरू करा. तसा अर्ज करायचा हक्क मला आहे का नाही, तेवढं सांगा.”

“हक्क आहे,” त्या म्हणाल्या. नंतर पहिल्यांदाच न तपासता बोलल्या, “पण करू नका हो. नंतर फार त्रास होईल तुम्हाला.”

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. अर्ज, विनंत्या, स्मरणपत्रं हे माझ्या हातचं काम. तासाभरात अर्ज तयार झाला. त्यात एकही भावनेचा शब्द नव्हता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. खोलीत जाऊन मी तो आईला मराठी करून वाचून दाखवला. सही दोघींची लागणार होती.

“‘दोन वेळा घेतलेल्या नमुन्यांवरून हे स्पष्ट आहे की माझे वडील...’”

“थांब,” आई म्हणाली.

“थोडंच राहिलंय.”

“थांब म्हटलं न्हवं.” तिनं मांडीवरची साडी बाजूला ठेवली. “तुझं रक्त जुळणार नाही, अंजू.”

“का?”

“का म्हणजे? तू सुलूची.”

पंखा फिरत होता. अभि खिडकीपाशी होता, तो वळला.

“कुणाची?”

लोक ही गोष्ट ऐकतात तेव्हा विचारतात, तुला केवढा धक्का बसला असेल. तसा धक्का बसायचा प्रश्न नव्हता. मला माहीत होतं. चौथीत असताना शाळेतली एक मुलगी म्हणाली होती, तू तुझ्या आईची नाहीस, मावशीची आहेस. मी तशीच दुकानात गेले. अण्णा एका मोटारीखाली डोकं घालून बसले होते. मी विचारलं, खरं का? ते म्हणाले, “हो. सुलूमावशीनं तुला आम्हाला दिलीय. तो बारीक पाना दे.” मी पाना दिला. त्यांनी नट आवळला. मी तिथंच बसून गोळी खाल्ली आणि खेळायला गेले. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. कुणी लपवला म्हणून नव्हे. त्यात बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“मावशीची,” मी अभिला म्हणाले. “जयसिंगपूरच्या. तुला सांगायचं राहिलं.”

“राहिलं? लग्नाला किती वर्षं झाली आपल्या?”

“आठवलं नाही रे. खरंच आठवलं नाही.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग एकदम हसला आणि हसताना त्याचे डोळे भरले. “डॉक्टरसमोर बसून पण? सुई टोचताना पण?”

“नाही.”

खरं होतं ते. डीएनए म्हणजे काय यावरची पुस्तकं मी मुलांना काढून दिली आहेत, त्यातली दोन-तीन वाचलीही आहेत. आणि त्या डॉक्टरनं सगी बेटी विचारल्यावर, माझ्या मनात क्षणभरसुद्धा दुसरं उत्तर आलं नाही. दोन्ही वेळा.

मग मला आईचं सुचलं.

“तुला आठवत होतं,” मी म्हणाले. “पहिल्यांदा जुळलं नाही तेव्हाच तुला माहीत होतं.”

“होय.”

“मग बोलली का नाहीस? मी इथं अण्णांना जिवंत करून बसले. आत्याला बोलावलं असतं. तिचं रक्त जुळलं असतं. आई, अण्णा तिथं बर्फात...”

“ओरडू नकोस.”

“मी ओरडत नाही.”

“आमच्या बाहुबलीदादाचं काय झालं माहीत आहे का तुला?” आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. “माझा चुलत भाऊ. तो पण दत्तकच होता. काका गेले तसे भावकी उठली. म्हणाली, दत्तकाचा कागद दाखव. कागद कुठला? कुणी केला होता कागद? कोर्टात उभा केला त्याला. ज्या घरात लहानाचा मोठा झाला, त्या घरातनं भांडी घेऊन बाहेर पडला. मी बघितलंय.” तिनं बोळाकडं हात केला. “हा लातूरचा माणूस म्हणाला न्हवं, नाव नसलं तर तुम्ही कोणी नाही. मी म्हटलं, एकदा या लोकांच्या कागदावर लागलं की ही त्यांची नाही, मग संपलंच. तुझा पण कागद नाही.”

“पण अण्णा, आई?”

“ते गेलेत. तू आहेस.”

आई साडीचा काठ चिमटीत धरून बसली होती.

“रोज मनात म्हणायचे त्यांना, थांबा जरा. काहीतरी करते. आणि काही सुचायचं नाही.”

मला राग यायला हवा होता. आलाही, पण तो कुणावर धरायचा ते कळेना. विसरलेल्या माझ्यावर, की न विसरलेल्या आईवर? आणि त्या गोंधळातच मला दिसलं, की टपरीवर चहा पीत उभे असलेले अण्णा कप खाली ठेवून परत विमानाकडं निघालेत. मी अर्जाचे दोन तुकडे केले. अभिनं ते माझ्या हातातून घेतले आणि खिशात ठेवले, कचऱ्यात टाकायला त्याला धीर झाला नसावा.

शेणॉयबाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्या चिडतील. आमच्यामुळं त्यांना दोनदा धावावं लागलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “त्यांचं सख्खं कोण आहे?”

रत्नाआत्या बेळगावहून आली. तिचा नमुना जुळला. आम्ही अण्णांना सांगलीला आणलं. पेटी उघडायची नाही असं सांगितलं होतं, आम्ही उघडली नाही.

निघताना शेणॉयबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “नमुन्याच्या अहवालात नातं नाही असं आलंय. तो बदलणार नाही. पण तो अहवाल वारस ठरवत नाही, कायदा ठरवतो. मी कंपनीची माणूस आहे, मी हे सांगू नये. गावी चांगला वकील बघा.”

कंपनीच्या वकिलांचा प्रश्न महिन्याभरात आलाच. वारसांमध्ये मुलगी लावली आहे. ही मुलगी कशी?

आमचे वकील हिंमतराव बाबर अण्णांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या शेतातली मोटार अण्णांनीच तीनदा बांधून दिली होती. त्यांनी आईचं सगळं ऐकून घेतलं.

“वहिनी, मला आधी सांगा, तुम्हाला कोण म्हणालं कागद लागतो?”

“बाहुबलीदादाला...”

“त्यांचा वकील गाढव असेल. किंवा समोरच्याला मिळालेला असेल. आपल्या कायद्यात दत्तकाला कागद लागतोच असं नाही. होम लागत नाही, भटजी लागत नाही. कागद असला तर बरं, काम सोपं. पण खरं लागतं ते एवढंच: ज्याचं मूल त्यानं हातानं द्यायचं, आणि ज्याला पाहिजे त्यानं हातानं घ्यायचं. मनापासून. दिली आणि घेतली, की झालं. मग ते मोडता येत नाही. कुणालाच.”

आई त्यांच्याकडं बघत राहिली. “म्हणजे मी उगीच...”

“ते सोडा आता.”

“उगीच त्यांना तिथं ठेवलं मी.”

“वहिनी.” बाबरांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. “आपल्याला दाखवावं लागेल, की दिली आणि घेतली. देणारं कोण हयात आहे?”

“सुलू आहे. तिचे मालक अंजूच्या जन्माआधीच वारले. कावीळ झाली होती.”

“मग देणारी तीच. बोलवा.”

आईला दाव्याचं काही नको होतं. ती बाबरांना पुन्हा पुन्हा सांगत होती, माझं काय ते राहू दे, हिचं नाव तेवढं राहिलं पाहिजे. मला स्वतःला काय हवं होतं? ‘मुलगी’ एवढा एक शब्द कुणी खोडू नये. तो खोडला गेला असता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. रात्र रात्र मी त्यावर विचार करायचे आणि सकाळी कुठंच पोचलेली नसायचे.

सुलूमावशी आली ती पिशवीभर शेंगा घेऊन. वकिलाच्या टेबलावर तिनं शेंगा ठेवल्या. “घरच्या आहेत,” म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले नाही, आईशेजारी बसले. मावशीनं ते पाहिलं, आणि तिला काही वाटल्याचं दिसलं नाही.

“सांगा बाई,” बाबर पेन उघडत म्हणाले. “कसं झालं ते.”

“कसं म्हणजे? माझे दोन पोरगे होते, ही तिसरी. मालक गेलेले. अक्काला मूल नव्हतं. आमच्या आईनं विषय काढला, मी हो म्हटलं. दीड महिन्याची होती. बसनं घेऊन आले. भाऊजी दुकानातनं आले ते हात काळे. रॉकेलनं धुतले. मी म्हटलं, रॉकेलच्या हातानं घेताय व्हय लेकरू? तर म्हणाले, वास जाईल. मुलगी परत मिळायची नाही.” ती हसली. “असा माणूस.”

“म्हणजे तुम्ही त्यांच्या हातात दिली.”

“हातात दिली. तुमची म्हणून दिली.”

बाबर लिहीत होते. “बघायला कोण होतं?”

“आई होती, ती गेली. अक्का होती.”

“वहिनी तर दत्तक घेणाऱ्याच. त्यांचा शब्द कंपनीवाले धरायचे नाहीत.” त्यांनी पेन थांबवलं. “देणं झालं. ते नीट आहे. त्यांचा वकील काय म्हणेल, दीर गेलेल्या मेव्हणीचं मूल सांभाळायला ठेवलं होतं. माया होती, पण दत्तक नव्हतं. घेतली, कायमची घेतली, हे कशावरून?”

“दीर कुठला? माझा नवरा गेलेला.”

“तेच ते हो.”

मावशी आईकडं वळली.

“अक्का, सांगू का?”

“काय?”

“तुला त्यांनी कधी बोलून नाही दाखवलं?”

“काय, सुलू?”

मावशी टेबलावरच्या शेंगा एकेक करून सरळ करायला लागली. “मी परत आले होते. महिन्यानं. पान्हा आटत नव्हता माझा. रात्री पदर भिजायचा. सकाळच्या बसनं आले. तू मंदिरात गेली होतीस. भाऊजी घरात, आणि ही त्यांच्या खांद्यावर. म्हटलं, भाऊजी, चुकलं माझं. द्या.”

आईनं माझा हात धरला.

“ते काही बोललेच नाहीत. आत गेले आणि कडी घातली. मी दार वाजवायलेय. आत ही रडायलीय, बाहेर मी. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. मग खिडकीशी आले. म्हणाले, सुलू, शिव्या दे, पोलिसात जा, गावभर सांग. पण ही मागू नकोस. ही आता मी देणार नाही. आणि रडत होते हो. मोठा माणूस, नाक पुसायला हात मोकळा नाही.” मावशीनं स्वतःचं नाक पदरानं पुसलं. “मग म्हणाले, उपाशी आली असशील, भाकरी खाऊन जा. आणि कडी न काढताच खिडकीतनं ताट दिलं.”

“खाल्लीस?” आईनं विचारलं.

“खाल्ली. पायरीवर बसून. भूक लागली होती.”

बाहेर कुणीतरी स्कूटर लावली. मी मावशीकडं बघत होते. दिवाळीला येणारी, माझ्या मुलाला दर वेळी एकच खाऊ आणणारी, माझ्याशी मोजकं बोलणारी बाई. हिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं, आणि अण्णांबद्दलही.

“मला बोलले नाहीत कधी,” आई म्हणाली.

“मी पण नाही बोलले. कशाला बोलायचं? बरंच झालं.”

बाबरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, हे निवेदनात घालू का? तुम्हाला चालणार असेल तरच. तुमचं खाजगी आहे हे.”

मावशीनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. तिचा चेहरा माझा आहे, हे मी त्याआधी कधी नीट बघितलं नव्हतं. मी होकाराची मान हलवली नाही, आणि नकोही म्हटलं नाही. ठरवणं तिचं होतं.

“घाला की,” ती म्हणाली. “घेतली कशावरून, म्हणून विचारायलाय न्हवं तुम्ही?”

बाबर लिहायला लागले. अर्ध्यात त्यांनी मान वर केली. “कडी आतनं घातली होती?”

“आतनंच,” मावशी म्हणाली. “माझ्या तोंडावर.”